स्टेअरिंगचा मध्य

गेमच्या स्टेअरिंगला आबांनी पहिल्यांदा हात लावला, चाक जरा इकडं तिकडं हलवलं आणि नाक मुरडलं. ह्यात प्ले कुठाय, म्हणाले, ह्ये कसलं स्टेअरिंग. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. त्या चाकाला प्ले नाही हाच तर त्याचा मोठेपणा. शर्यतीच्या गाडीचं चाक केसभर हललं तरी पडद्यावरची गाडी हलली पाहिजे, म्हणून मी कित्येक संध्याकाळी त्याच्या सेटिंगमध्ये घातलेल्या. आणि माझ्या वडिलांना नेमका तोच त्याचा दोष वाटला.

आमच्या ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला चार बोटं प्ले आहे. म्हणजे चाक चार बोटं फिरेपर्यंत पुढची चाकं ढिम्म हलत नाहीत. मेस्त्री दरसाली विचारायचा, काढून देऊ का, आणि आबा दरसाली सांगायचे, राहू दे. दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढताना मागं इतका भार होतो की चढाला ट्रॅक्टरचं तोंड हलकं पडतं, पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकतात. तेव्हा स्टेअरिंग फिरवून काही होत नाही. ट्रॅक्टरला उजव्या पायाखाली दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात वळायला दिलेले. ऊसवाले ड्रायव्हर ते चढालाही वापरतात, डावा दाबला की गाडी डावीकडं, उजवा दाबला की उजवीकडं. अशी गाडी आयुष्यभर चालवलेल्या माणसाला माझं केसभर हलणारं चाक म्हणजे पोरखेळ वाटला तर नवल नाही. पण तेव्हा मी चिडले ते चिडलेच.

आम्ही पिंपळीचे. थोडा ऊस, थोडी भाजी. शेत थोरला भाऊ बघतो, त्याला मी दादा म्हणते. आबांनी मिसरूड फुटल्यापासून माळेगावच्या कारखान्याला ऊस वाहिला, आधी बैलगाडीनं, मग ट्रॅक्टरनं. हंगाम सुरू झाला की ते घरात पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, आणि परत ट्रॅक्टरवर. मी एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. कामावरून आले की मोटारीच्या शर्यतीचे गेम खेळते. पस्तिशीच्या बाईनं हे खेळावं याचं गावाला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

माझं सासर इंदापूरचं. ते सुटलं तेव्हा आबा ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली घेऊन आले. का, कसं, कुणाचं चुकलं, एक शब्द विचारला नाही. माझं कपाट, माझी पुस्तकं, कॉम्प्युटर, टेबलाला आवळून बसवायचं हे स्टेअरिंग आणि त्याचे पायाचे पेडल, सगळं स्वतः ट्रॉलीत चढवलं, गोधड्यांमध्ये नीट बसवलं, वरून ताडपत्री बांधली. मी त्यांच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसून आले. सगळ्या वाटेत त्यांनी एवढंच विचारलं, भूक लागली का. त्या दिवसापासून आबांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवायला आलं की मी ऐकून घेत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात, कारखाना बंद झाल्यावर, आबा गोठ्यापाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. लकवा मारला, डावा हात, डावा पाय गेला. दादानं आणि मी उचलून बारामतीला नेलं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. बोलणं लवकर सुधारलं, पायही हळूहळू आला, पण डावा हात मांडीवर पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. पुढं व्यायामाला नेऊ लागलो. तिथं भिंतीत एक लोखंडी चाक बसवलेलं होतं, त्याची मूठ धरून गोल गोल फिरवायचं. आबांनी चार दिवस निमूट फिरवलं. पाचव्या दिवशी व्यायाम घेणाऱ्या मुलाला म्हणाले, "ह्ये चाक मला कुठं नेतंय रं?"

तो मुलगा हसला. मला हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मी आबांची खुर्ची माझ्या टेबलापाशी ओढली.

आबांनी एव्हाना घरात जाहीर करून टाकलं होतं की दसऱ्याला पूजा झाली की ट्रॅक्टर मीच भाईर काढणार आणि हंगामाची पहिली खेपही मीच नेणार. दसऱ्याला आमच्याकडं गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून, चाकाखाली लिंबू ठेवून बाहेर काढतात. जो काढतो तो वर्षाचा ड्रायव्हर, ही घराची रीत. त्या दिवशी आबा खाटेवर बसून राहिले तर पुन्हा ते खाटेवरून उठायचे नाहीत, हे आम्हा सगळ्यांना समजत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हातात ताकद येऊ द्या, मग तपासून ठरवू, तोवर रस्त्यावर गाडी नाही. आबांनी त्यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

शर्यतीची गाडी त्यांनी एकदाच चालवली. ह्यात माणूस झोपून चालवतो का बसून, असं विचारून तिची वासलात लावली. मग मी त्याच स्टेअरिंगवर चालणारा, मागं ट्रेलर जोडलेल्या ट्रकचा गेम घातला. ते बघून आबा सावरून बसले. म्हणाले, आता ह्याला प्ले टाक.

सेटिंगमध्ये तशी सोय असते. मध्यभागी काही अंतर चाक मुकं ठेवता येतं, चाक हललं तरी गाडीला कळत नाही. खेळणारे लोक ते अंतर शून्य करायला धडपडतात. मी ते वाढवत नेलं आणि आबा चाकावर चार बोटं ठेवून मोजत राहिले. अजून थोडं, अजून थोडं, बास. मग चाक किती फिरायचं ते वाढवलं, शर्यतीच्या गाडीला अर्धा वेढा पुरतो, ट्रॅक्टरला पुरत नाही. ब्रेक एकच म्हणून आबांनी पुष्कळ कुरकुर केली. त्याला माझा इलाज नव्हता.

राहिला जोर. त्या चाकात एक मोटर असते, गाडी जड झाली की ती चाकाला उलटं ढकलते, म्हणजे रस्त्याचा जोर हाताला कळतो. तो किती ठेवायचा हे आकड्यानं ठरतं. मी सुरुवातीला शंभरात दहावर ठेवला. तेवढ्यानंही आबांचा डावा हात चाकावरून घसरून खाली पडायचा. ते तो उजव्या हातानं उचलून परत चाकावर ठेवायचे, जसं तान्ह्या पोराला उचलून नीट निजवावं. पडद्यावर परक्या मुलखातले, पण आपल्यासारखेच डाव्या अंगानं चालायचे रस्ते होते, आबांनी त्यांना आपली नावं देऊन टाकली. हे कॅनॉलचं वळण, हा इंदापूर रोडचा चढ, हा कारखान्याचा वजनाचा काटा. शंभरावर जोर ठेवून एक खेप काट्यापर्यंत नेली की हात आला, हे त्यांनीच ठरवलं. आकडा मी सांगायचा आणि खरा सांगायचा, ही अट त्यांचीच.

आणि मग घरातल्यांनी मला धरलं. एकदा दादा गोठ्यात बोलावून म्हणाला, तू तो आकडा एकदम वर नेऊन ठेव. चार दिवस झेपणार नाही, मग आपोआप नाद सोडतील. त्याची झोप उडालेली तोंडावर दिसत होती. त्याला आबांचं वाईट चिंतायचं नव्हतं, भरल्या दोन ट्रॉल्यांसकट आबा कालव्यात गेलेले त्याला डोळे मिटले की दिसत होते. दुसऱ्याच दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, त्या चाकाचं ढिलं करून ठेव गं, आणि सांग लई जड हाय म्हणून. तेवढंच माणूस खुशीत ऱ्हाईल. मी दोघांवरही उखडले. म्हटलं, आबांना येडं समजता का. आकडा आबा म्हणतील तोच राहील, आणि माझ्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. आई दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतं बोलली. दादा तेवढंही बोलला नाही.

आकडा खरोखर चढत गेला. वीस झाले, तीस झाले. डाव्या हाताची बोटं चाकाला धरून राहायला लागली. अशात आबा म्हणायला लागले, गाडी उजवीकडं ओढती. मी सरळ धरलंय, आन ही आपली मधल्या पट्ट्यावर जाती. मी बघितलं तर खरंच ट्रक रस्त्याच्या मध्यावर सरकत होता, समोरून येणाऱ्या गाड्या हॉर्न देत होत्या. मला वाटलं, उजवा हात धड आहे, तो चाक खाली ओढतो, डाव्याला ते तोलता येत नाही, म्हणून होत असेल. व्यायाम घेणारा मुलगाही म्हणाला, असेल तसं. आबांनी तर उपायही सांगितला. आपला टॅक्टर मागं असाच ओढत हुता, मेस्त्रीनं मधी करून दिला, तू बी करून दे. चाकाचा मध्य कुठं धरायचा तेही सेटिंगमध्ये सरकवता येतं. मी तो जरासा सरकवला, म्हणजे चाक सरळ धरलं की गाडी डावीकडं झुकेल. ट्रक सरळ चालायला लागला. आबा खूश झाले, मला मेस्तरीण म्हणायला लागले.

आठवड्यानं परत ओढायला लागला. मी मध्य आणखी सरकवला. श्रावण गेला, गणपती गेले. आबा एकही संध्याकाळ चुकवत नव्हते. जोर साठावर गेला, ऐंशीवर गेला. डाव्या हातानं पाण्याची कळशी उचलायला लागले. आईच्या चेहऱ्यावर रंग आला. दादासुद्धा एका संध्याकाळी दारात उभं राहून बघत राहिला, आणि सकाळी उठून बघते तर त्यानं ट्रॅक्टरचं ऑइल बदलायला घेतलेलं. त्याच्या मनातही आशा फुटली होती. शेवटी पितृपंधरवड्यात एका संध्याकाळी आबांनी शंभरच्या जोरावर ट्रक काट्यापर्यंत नेला. मी आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. दादानं खाली वाकून आबांच्या पायाला हात लावला, आणि मी पदरानं डोळे पुसले. सणवार नसताना आमच्या घरात असं कुणी करत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी, बऱ्याच दिवसांनी, मी माझी शर्यत लावली. आबांचं सेटिंग वेगळं आणि माझं वेगळं ठेवलेलं असायचं, पण त्या दिवशी बदलायचं राहिलं. प्ले लगेच हाताला कळला. पण गाडी निघाली ती तडक डावीकडं, कडेच्या कठड्यात. परत लावली, परत कठड्यात. मध्य मी इतका सरकवत नेला होता याचा मला अंदाजच नव्हता, थोडं थोडं करून तो पार एका अंगाला गेला होता. चाक बिघडलं असणार म्हणून मी माझं सेटिंग लावून बघितलं, सुतासारखं सरळ चाललं. चाक ठणठणीत होतं.

मी चाकावर हात ठेवून तशीच बसून राहिले. डावा हात सुधारला होता, तर ओढ कमी व्हायला हवी होती. ती तर वाढत गेली होती. म्हणजे हाताचं काही नव्हतं. 

त्या संध्याकाळी आबा चालवायला बसले तेव्हा मी नेहमीसारखी मागं उभी राहिले नाही, त्यांच्या डाव्या हाताला स्टूल टाकून बसले. त्यांनी दोन वळणं घेतली. डाव्या आरशाकडं एकदाही बघितलं नाही. मग काही विचारायचं म्हणून ट्रक थांबवला, आणि उजवीकडं मान वळवून दाराकडं बघत मला हाक मारली. कुठं गेली ही, असं पुटपुटले. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मी उत्तर दिलं तेव्हा दचकले, आणि हसून म्हणाले, कवा आलीस.

रात्री जेवायला बसलो. ताट वाढायची आईची रीत पक्की आहे, डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, ठेचा. उजव्या हाताला भाजी आणि कालवण. आबांच्या ताटात ठेचा तसाच पडला होता. मी आईला विचारलं, तर ती कौतुकानं म्हणाली, दवाखान्यातनं आल्यापासून ह्यांनी तिखट पार सोडलंय, डॉक्टरांचं एवढं तरी ऐकलं. ज्या माणसाला ठेच्याशिवाय घास उतरायचा नाही, त्याचं आम्ही सगळे महिनोन्महिने कौतुक करत होतो. मी हात घातला, ठेचा उचलला आणि त्यांच्या भाजीशेजारी ठेवला. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. समाधानानं म्हणाले, आज ठेचा केला व्हय, लई दिस झालं होतं. आईचा भाकरी वाढणारा हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं.

चुलीपाशी मी तिला सांगितलं. दाराच्या डाव्या चौकटीला त्यांचा खांदा रोज आपटायचा, ते आम्ही पायाच्या अशक्तपणावर ढकललं होतं. तेही तिला एकदम आठवलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, सांगू नको, दसरा तेवढा पार पडू दे. मी म्हटलं, आई, दसऱ्यालाच तर ते ट्रॅक्टरवर बसणार आहेत. तिनं डोळ्याला पदर लावला आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून परस्पर डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, डोळे चांगले असतील, पण मेंदू डावीकडचं घेत नसेल. हात येतो म्हणून हेही येतंच असं नाही. आणून दाखवा, काही सुधारेलही, पण रस्त्यावर गाडी नाही म्हणजे नाही. मी घरी आले तोवर आबा खुर्चीत बसलेले, माझी वाट बघत. बाहेर अजून उजेड होता. दादा अंगणात पाइप लावून ट्रॅक्टर धूत होता, त्याचा आवाज आत येत होता. तिथून पळून जावं असं मला वाटलं. पण इंदापूरला ज्या माणसानं मला एक शब्द न विचारता उचलून आणलं, त्याला मी फसवून ट्रॅक्टरवर चढवणार नव्हते.

मी सगळं सांगितलं. चाक सरळच आहे, मी ते तुमच्यासाठी वाकडं करत गेले, आणि का, तेही सांगितलं. ठेच्याचंही सांगितलं. आबा ऐकत होते. मग विचारलं, किती वाकडं. मी चाकाच्या डाव्या अंगाला बोटं ठेवून दाखवलं. त्यांनी त्या बोटांकडं बघितलं, आणि ती बघायलाही त्यांना मान बरीच वळवावी लागली.

"म्हंजी गाडी ओढत नव्हती."

"न्हाय, आबा."

"मीच ओढत हुतो." चाकाकडं बोट करून म्हणाले, "मधी आण."

मी मध्य जिथला तिथं आणला. जोर शंभरावरच ठेवला, प्ले त्यांचा तसाच ठेवला. त्यांनी ट्रक काढला. त्यांचा हात आता इतका भक्कम होता की चाक जागचं हलत नव्हतं, आणि त्या भक्कम हातांनी ते ट्रक शांतपणे रस्त्याच्या उजव्या अंगाला नेत होते. समोरून हॉर्न आला. त्यांनी सावरलं, दात आवळून मान डावीकडं वळवली, ट्रक आपल्या बाजूला आणला. थोडं अंतर नीट नेला. मला वाटलं, जमेल, माझंच चुकलं असेल, देवा माझंच चुकलेलं असू दे. मग मान हळूहळू परत सरळ झाली. डावीकडच्या फाट्यावरून एक लहान लाल गाडी रस्त्यावर येत होती. चांगली लांबून दिसत होती. आबांनी वेग कमी केला नाही. धडक बसली तेव्हा चाक त्यांच्या हातात हिसकलं.

आबांना कळेना. त्यांनी पडद्यावर इकडं तिकडं बघितलं आणि काय आडवं आलं म्हणून मला विचारलं. मी सांगितलं, गाडी होती, डावीकडून आली.

"माणूस हुता का तिच्यात?"

मी म्हटलं, आबा, गेम आहे.

"हुता का न्हाय, ते सांग."

"होता."

 इंजिनचा आवाज चालूच होता, मी तो बंद केला. अंगणातल्या पाइपचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आबा समोर बघत हळू म्हणाले, "आपल्या फाट्याला बी डावीकडनंच येत्यात की सगळी, कंपनीला जाणारी. सकाळच्याला मोटरसायकलीवर." आणि मग माझ्याकडं पूर्ण मान वळवून म्हणाले, "तू बी तितनंच येतीस."

मला रडू फुटलं. कामाला जायला लागल्यापासून रोज सकाळी मी स्कूटीवर त्या फाट्याला निघते, आणि समोरून उसाच्या ट्रॉल्या जात असतात. हे मला सुचलं नव्हतं. आबांनी चाकावरचे हात काढले, आधी उजवा, मग डावा. डावा आता कुणी उचलून ठेवायला लागत नव्हता. तो त्यांनी स्वतः उचलून माझ्या डोक्यावर ठेवला, आणि त्याचं पूर्ण वजन मला जाणवलं.

दादाला मी सांगते, असं मी म्हणाले. ते म्हणाले, तू नगं, मी सांगतो. भिंतीला धरून उठले, या खेपेला चौकटीपाशी थांबून डावीकडं नीट बघितलं आणि खांदा वाचवून बाहेर गेले. मी खिडकीशी गेले. दादानं त्यांना येताना बघून पाइप खाली ठेवला, ट्रॅक्टरचं बॉनेट फडक्यानं पुसून बाजूला झाला, आणि वर चढायला हात द्यावा म्हणून हात पुढं केला. आबांनी तो हात धरला, पण चढले नाहीत. म्हणाले, औंदा दसऱ्याला टॅक्टर तू काढ. दादाला महिनोन्महिने हेच तर हवं होतं. तो माझा धिप्पाड भाऊ, ओल्या अंगणात खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला, आणि आबा, तो आपल्या उजव्या हाताला दिसत राहील असे, त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.